अक्षरी साठ रुपये

शालन फडतरे आली तेव्हा मी
एका बंगल्याचं 'मातृछाया' कोरत होतो.
मधला अर्धा च मालकाला परवडला नव्हता.
तिनं पिशवीतून फोटो काढला नाही,
कागद काढला. इंग्रजी.
झेरॉक्सवाल्या पोरीनं पेन्सिलीनं खाली लिहिलेलं:
सदर कर्मचारी. सदर घटना. सदर ठिकाण.
ठिकाणावर काळी पट्टी.

दादासो फडतरे, हवालदार, रिटायर्ड.
बावीस वर्षं पलटणीत,
मग पोवई नाक्यावर बँकेच्या दारात
स्टुलावर दुनाळी घेऊन तीन वर्षं.
म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून द्यायचा.
म्हणायचा, बंदुकीपेक्षा पेनच जास्त चाललं.
मग राधिका रोडवरचं ते ऑफिस,
जिन्यात डेअरीचा आंबूस वास,
खुर्चीत त्याच्याच पलटणीतला सुभेदार,
माणशी कमिशनवर.
महिना दोन लाख दहा हजार.
वर्दी कंपनीची, बूट ज्याचे त्याचे.

आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टर म्हणजे
गटार बांधणारा.
त्याची पोरगी शाळेत सांगायची,
पप्पा कॉन्ट्रॅक्टर हायत.
बाई विचारायच्या, पाण्याच्या टाकीचे का गं?

रविवारी फोन यायचा.
मागं पत्र्याचा कंटेनर,
त्यावर खडूनं मारलेल्या रेघा.
शालननं एकदा विचारलं,
लढाई हाय तरी कुणाकुणाची?
तो म्हणाला, ह्या कंपनीची आन त्या कंपनीची.
पलीकडं नेपाळी पोरं हायत,
रात्री रेडिओवर ऐकू येतात.
आमच्यासारख्याच डाळीला शिव्या घालतात.

गावात चावडीपुढं दगड आहे.
१९१४ ते १९१९.
या गावातून गेले एकोणचाळीस,
पैकी सात मयत.
माजी सैनिकांची बैठक तिथंच बसली.
दादासोचं नाव खाली घ्यायचं का.
अध्यक्ष म्हणाले, हुतात्मा म्हणता येत नाही.
कुणी म्हणालं, पेटी कार्गोतून आली,
सही घेऊन सोडली, फ्रीज सोडतात तशी.
कुणी म्हणालं, पैशासाठी गेला.
शालन म्हणाली,
तुम्ही काय खंडोबाच्या नवसाला गेलावता?
कुणी हसलं नाही.

मी ठोकणारा माणूस, बैठकीत बोलत नाही.
पण तो दगड माझ्या पणज्याच्या हातचा.
ते एकोणचाळीस महिना अकरा रुपयांवर गेले,
राजा समुद्रापल्याडचा,
शत्रू कोण ते बसऱ्याला उतरल्यावर कळलं.
पणज्याची वही अजून आहे आमच्यात:
अक्षरी एक पैसा, सरकारकडून येणे बाकी.
शाळेत शिकवलं होतं, कंपनी सरकार गेलं.
गेलं असेल.

निर्णय पुढच्या बैठकीवर.
पुढची बैठक यात्रेनंतर,
यात्रेनंतर इलेक्शन.

शेवटी तीच आली. म्हणाली, काळी फरशी द्या एक,
हातात उचलंल एवढी.
बोटांवर अक्षरं मोजली तिनं:
दा, दा, सो, फ, ड, त, रे.
सात साठं चारशेवीस.
आकडा ऐकून पहिल्यांदा हसली,
म्हणाली, ह्यो तर कंपनीलाच शोभतो.
मी चारशे म्हणालो.
तिनं चारशेवीस मोजून ठेवले.

नावापुढं काय लिहू विचारलं.
हवालदार, की सदर कर्मचारी?
बराच वेळ छिन्नीकडं बघत बसली.
मोकळं ठेवा, म्हणाली,
तेवढी जागा सोडा.

कुठं लावणार ते मी विचारलं नाही.
स्कूटरवर पायांपाशी तिनं फरशी ठेवली,
पोत्यात गुंडाळलेली,
आणि दोन्ही पाय बाहेर काढून अधांतरी धरले,
नावाला लागू नयेत म्हणून.
माहुलीच्या पुलाकडं वळेपर्यंत
तसेच धरलेले दिसत होते.
पुढं कोरेगावचा रस्ता, खड्ड्यांचा.